विद्यार्थ्यांची नजर कोण घडवते?

ज्या विद्यापीठात परदेशातून आलेले आणि स्थानिक असे दोन्ही प्रकारचे प्राध्यापक शिकवतात, तिथे सत्र सुरू होऊन पंधरवडा उलटायच्या आत विद्यार्थ्यांची मते पक्की झालेली असतात. परदेशी सर मोकळे आहेत, वर्गात वाद घालू देतात, पण त्यांचे उच्चार कळत नाहीत. स्थानिक मॅडम समजेपर्यंत समजावतात, परीक्षेत काय येईल हे त्यांना बरोबर ठाऊक असते, पण नोट्सच्या बाहेर त्या जात नाहीत. परदेशी सर मार्कांत पक्षपात करणार नाहीत, मात्र पुढच्या वर्षी ते इथे असतील की नाही कोण जाणे. स्थानिक मॅडम कुठे जाणार नाहीत, मात्र त्यांच्या शिफारसपत्राला बाहेर कितीशी किंमत असणार? देश बदलला, विषय बदलला तरी हे बोलणे फारसे बदलत नाही. मग सत्र संपताना विद्यापीठ फीडबॅक फॉर्म वाटते, या मतांना एक ते पाच असे आकडे देते, त्यांची सरासरी काढते आणि त्या सरासरीवर कुणाचा करार वाढवायचा, कुणाची बढती रोखायची हे ठरवते.

माझा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे. विद्यार्थी खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. त्यांना जे वाटते ते खरोखरच वाटत असते. पण ते वाटणे वर्गात शिरण्यापूर्वीच बरेचसे तयार झालेले असते, आणि ते तयार करण्यात विद्यापीठाचा मोठा हात असतो. कुणाला किती पगार आहे, कुणाला पदव्युत्तर वर्ग आणि कुणाला प्रथम वर्षाची दीडशे जणांची तुकडी, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कुणाचा फोटो, हे सगळे विद्यार्थी पाहत असतात. विद्यापीठ आधी दोन दर्जे तयार करते आणि मग त्या दर्जांचे विद्यार्थ्यांच्या मनात उमटलेले प्रतिबिंब शिक्षकाच्या गुणवत्तेचे माप म्हणून वापरते. यात परदेशी शिक्षकावर अन्याय होतो, स्थानिकावर होतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान विद्यार्थ्यांचे होते.

प्रश्न जुना आहे. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत, जपानने परदेशी तज्ज्ञांना मोठ्या पगारांवर बोलावले होते. त्यातल्या काहींचे पगार जपानी मंत्र्यांहूनही जास्त होते. धोरण उघड होते: परदेशी लोकांनी शिकवायचे, दरम्यान निवडक जपानी तरुणांनी परदेशी जाऊन शिकून यायचे, आणि परतल्यावर त्यांची जागा घ्यायची. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात १८९६ पासून इंग्रजी साहित्य शिकवायला लाफ्काडिओ हर्न होते. आई ग्रीक, वडील आयरिश, उमेदीची वर्षे अमेरिकेत पत्रकारितेत गेलेली. जपानी स्त्रीशी त्यांचे आधीच लग्न झाले होते, १८९६ मध्येच ते जपानचे नागरिक झाले होते आणि त्यांनी कोइझुमी याकुमो हे नाव घेतले होते. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांना दूर केले तेव्हा विद्यार्थी खवळले, त्यांना ठेवून घ्या म्हणून त्यांनी आवाज उठवला. उपयोग झाला नाही. जागेवर आले नात्सुमे सोसेकी, सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन नुकतेच परतलेले. हर्न यांची व्याख्याने भावपूर्ण असत. सोसेकी कवितेची चिरफाड करत, व्याख्या मागत, तर्क तपासत. विद्यार्थ्यांना ते रुक्ष वाटले, त्यांची नाराजी लपून राहिली नाही. पण त्याच वर्षी पुढे सोसेकींनी शेक्सपिअर शिकवायला घेतला आणि त्यांच्या तासांना वर्ग भरू लागला. आधुनिक जपानी साहित्यातला सर्वांत मोठा कादंबरीकार म्हणून हाच माणूस पुढे ओळखला गेला.

या प्रसंगात कुणीही खलनायक नाही. विद्यार्थ्यांचे हर्न यांच्यावरचे प्रेम खरे होते आणि त्यांना ज्या रीतीने दूर केले ती रीत चांगली नव्हती. पण त्या प्रेमाचा आणि रागाचा हिशोब सोसेकींच्या नावावर मांडला गेला. पहिल्या दोन महिन्यांनंतर फीडबॅक फॉर्म वाटला असता तर सोसेकी नापास झाले असते, आणि तो आकडा त्यांच्या अध्यापनाविषयी काहीही सांगणारा नसता. हर्न यांना काढण्याच्या प्रशासकीय निर्णयाविषयी मात्र बरेच सांगून गेला असता. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हर्न कागदोपत्री जपानी होते, सोसेकी इंग्लंडहून शिकून आलेले होते. म्हणजे 'परदेशी' आणि 'स्थानिक' हे कप्पे तेव्हाही नीट बंद होत नव्हते. तरी विद्यार्थ्यांनी दोघांकडे त्या कप्प्यांतूनच पाहिले.

आपण कान उघडे ठेवून ऐकतो अशी आपली समजूत असते. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या समजुतीला धक्का देतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या एकाच व्यक्तीच्या आवाजातले, एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवले गेले. एका गटासमोर व्याख्याती म्हणून गोऱ्या स्त्रीचा फोटो होता, दुसऱ्यासमोर आशियाई स्त्रीचा. दुसऱ्या गटातल्या विद्यार्थ्यांना उच्चार परके वाटले. इतकेच नव्हे, त्यांना व्याख्यान कमी समजले. आवाज तोच, शब्द तेच. बदलला होता फक्त चेहरा.

हा प्रयोग आजवर खूप वेळा सांगितला गेला आहे आणि तो सांगताना बहुधा 'विद्यार्थी वंशवादी आहेत' असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. मला ती घाई वाटते. केव्हिन मॅकगोवन यांनी २०१५ मध्ये उलट बाजूने एक गोष्ट दाखवली: बोलणाऱ्याचे उच्चार खरोखर चिनी वळणाचे असतील, तर चिनी चेहरा समोर असताना ऐकणाऱ्यांना ते बोलणे अधिक चांगले कळते. म्हणजे मेंदू चेहऱ्यावरून आवाजाचा अंदाज बांधतो. अंदाज आणि आवाज जुळले की ऐकणे सोपे होते, जुळले नाहीत की अवघड. पूर्वग्रह या अंदाजात मिसळलेला असतोच, पण सगळा अंदाज म्हणजे पूर्वग्रह नव्हे. आणि अंदाज ही बदलणारी गोष्ट आहे. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवले, की अनोळखी वळणाचे उच्चार ऐकताना सुरुवातीला आकलनाचा वेग मंदावतो, पण हा मंदपणा साधारण मिनिटभराच्या ऐकण्यातच कमी होऊ लागतो. प्रयोगशाळेतले एक मिनिट म्हणजे वर्गातले एक सत्र नव्हे, हे मान्य. तिथे वाक्ये सोपी असतात, वर्गात संकल्पना कठीण असतात. तरीही कानाला सवय होते, आणि ती लवकर होते, ही गोष्ट कुठलेच विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना सांगत नाही याची मला खंत वाटते. उच्चार सुधारण्याची सगळी जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकली जाते. ऐकणे हेही शिकायचे कौशल्य आहे, हे कुणी बोलतच नाही. अमेरिकेत अनेक राज्यांनी परदेशी शिक्षकांची इंग्रजी तपासण्याचे कायदे केले. ऐकणाऱ्यांच्या तयारीचा विचार त्यात कुठे आला?

उच्चारांमुळे प्रत्यक्ष शिकण्यावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गांत परदेशी जन्माच्या अध्यापन-साहाय्यकांमुळे विद्यार्थ्यांची कामगिरी घसरते, असे जॉर्ज बोर्हास यांनी २००० मध्ये मांडले. दोनच वर्षांनी ओहायो राज्य विद्यापीठातल्या माहितीवर काम करणाऱ्या फ्लायशर, हाशिमोतो आणि वाइनबर्ग यांना परदेशी साहाय्यक नेमून दिलेल्या वर्गांत तसे काही आढळले नाही. योग्य निवड आणि प्रशिक्षण असेल तर ते स्थानिकांइतकेच परिणामकारक ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशी असणे ही गोष्ट स्वतः काहीच ठरवत नाही. निवड कशी केली, वर्गात सोडण्यापूर्वी तयारी करून घेतली का, यावर बरेच अवलंबून असते. ही दोन्ही कामे विद्यापीठाची आहेत.

फीडबॅकच्या आकड्यांत मात्र परकेपणाची किंमत स्पष्ट दिसते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०१० ते २०१६ या काळातले पाच लाखांहून अधिक फीडबॅक फॉर्म तपासले गेले आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्त्रिया आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषिक पार्श्वभूमीचे शिक्षक यांच्याविरुद्ध कल आढळला. सगळ्या विद्याशाखांत तो सारखा नव्हता. विज्ञान आणि वाणिज्य-व्यवस्थापनाकडे ठळक, इतरत्र कमी. ज्या शाखांत स्त्रिया आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे शिक्षक विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यात असतात, तिथे असा कल मवाळ होत जातो असे मला वाटते.

इथवर वाचून विद्यार्थ्यांना काहीच कळत नाही असे कुणी म्हणेल, तर ते मला अजिबात मान्य नाही. काही गोष्टी विद्यार्थ्यांना फार अचूक कळतात.

स्थानिक शिक्षकाला आपले नेमके कुठे अडते ते ठाऊक असते, हे त्यांना कळते. तोही त्याच शाळांतून आलेला असतो, त्याच पाठ्यपुस्तकांतून शिकलेला असतो, त्यामुळे कोणती संकल्पना बारावीपर्यंत अर्धवटच शिकवली जाते याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. परदेशी शिक्षक वर्गाला विचारतो, 'कळले का?' सगळे मान डोलावतात आणि तो पुढे सरकतो. स्थानिक शिक्षकाला त्या डोलण्याचा अर्थ लागतो. तो थांबतो, विद्यार्थ्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोलतो आणि गाडी रुळावर येते. शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे असा नियम असलेल्या कितीतरी विद्यापीठांत ही दोन वाक्ये नियमाबाहेरची ठरतात. शिक्षक ती दार लोटून घेऊन बोलतो. वर्गातला सर्वांत उपयोगी क्षण लपवावा लागतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत दुःखाची बाब वाटते.

भाषा-शिक्षणाच्या क्षेत्रात ही चर्चा आधी झाली. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी-अध्यापनावर परिषद भरली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, हे गृहीतक त्या परिषदेने पक्के केले, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले आणि त्याला सरळ 'भ्रम' म्हटले. त्याच दशकात हंगेरीचे पीटर मेद्येश यांनी दुसरी बाजू बांधली: जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला आहे, तो शिकण्याची रीत शिकवू शकतो, अडचणी आधीच ओळखू शकतो, आणि 'मलाही जमेल' असा विश्वास त्याच्याकडे पाहून वाटतो. हे म्हणणे भाषेपुरते नाही. तरंगयांत्रिकी किंवा संख्याशास्त्र शिकवणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे. आपल्यासारख्याच घरातून आलेला माणूस फळ्यासमोर उभा आहे, या दृश्याचा पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यावर होणारा परिणाम कुठल्याही फॉर्मवर नोंदवता येत नाही.

परदेशी शिक्षकाविषयीही विद्यार्थ्यांना काहीतरी खरे दिसते. त्याला स्थानिक गटबाजीशी देणेघेणे नसते. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कोणत्या संघटनेचा, हे त्याला माहीत नसते आणि माहीत झाले तरी त्याचा दबाव त्याच्यावर कमी असतो. म्हणून लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात परदेशी शिक्षकाने दिलेले मार्क विद्यार्थ्यांना अधिक विश्वासार्ह वाटतात, आणि या वाटण्यात तथ्य असते. दुसरे म्हणजे प्रश्न. 'मला हे माहीत नाही, पुढच्या तासाला शोधून येतो' असे म्हणणारा शिक्षक विद्यार्थ्यांनी कित्येकदा पहिल्यांदा पाहिलेला असतो तो परदेशी. स्थानिक शिक्षकाला तसे म्हणणे परवडत नाही. त्याच्या अधिकाराकडे आधीच शंकेने पाहिले जाते, 'यांना येत नाही' अशी कुजबुज व्हायला एक वाक्य पुरते. परदेशी माणसाच्या तोंडी जो नम्रपणा वाटतो तो स्थानिकाच्या तोंडी अज्ञान ठरतो. म्हणजे ज्याला विद्यार्थी परदेशी मोकळेपणा म्हणतात, त्यातला बराचसा भाग आयता मिळालेल्या प्रतिष्ठेतून येतो. प्रतिष्ठेची खात्री असलेला माणूस मोकळा होऊ शकतो. तीच खात्री स्थानिकाला दिली, तर त्याच्याही वर्गात वाद होतील.

शिवाय सगळे परदेशी विद्यार्थ्यांच्या नजरेत सारखे नसतात. आखाती देशांतल्या विद्यापीठांत प्राध्यापकवर्गाचा मोठा हिस्सा बाहेरून आलेला असतो: ब्रिटिश, अमेरिकन, इजिप्शियन, जॉर्डनियन, भारतीय, पाकिस्तानी. परदेशी तर सगळेच आहेत. पण पाश्चात्त्य पासपोर्ट, शेजारच्या अरब देशाचा पासपोर्ट आणि दक्षिण आशियाई पासपोर्ट यांची एक उतरंड असते, ती बोलून दाखवली जात नाही आणि सगळ्यांना माहीत असते. एकाच विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या दोन अभियंत्यांपैकी कुणाच्या चुकीला 'वेगळा दृष्टिकोन' म्हटले जाईल आणि कुणाच्या चुकीला चूक, हे या उतरंडीवर ठरते. परदेशी विरुद्ध स्थानिक अशी तुलना मांडणारे अहवाल वाचताना मला नेहमी हा प्रश्न पडतो की 'परदेशी' या रकान्यात नक्की कोणाला बसवले आहे.

आता पगाराकडे येतो, कारण मुळाशी तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश आफ्रिकेत विद्यापीठीय महाविद्यालये उभी राहिली. नायजेरियातले इबादान आणि आजच्या घानातले लेगॉन १९४८ मधली. पदव्या लंडन विद्यापीठाच्या, प्राध्यापक बहुसंख्येने ब्रिटिश. लेगॉन १९६१ मध्ये आणि इबादान १९६२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, आफ्रिकन प्राध्यापकांची संख्या वाढत गेली, पण परदेशी माणसाला आणायचे तर जास्तीचा पगार द्यावा लागतो ही रचना टिकून राहिली. ब्रिटिश सरकार अशा नेमणुकांवर स्थानिक पगाराच्या वर भर घालत असे. नंतर वेगवेगळ्या मदतसंस्था तेच करू लागल्या. परिणाम असा, की शेजारच्या खोलीत बसून तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोन व्याख्यात्यांच्या पगारांत कित्येक पटींचा फरक.

या फरकाने माणसांचे काय होते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलावीच्या विद्यापीठातल्या व्याख्यात्यांबाबत केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मांडलेली कल्पना अशी: पगारातली तफावत दोघांनाही खचवते. कमी मिळणाऱ्याला आपल्या कामाची किंमत नाही असे वाटते आणि तो हात आखडता घेतो. जास्त मिळणाऱ्याला मनातली टोचणी शमवायला 'माझी लायकीच तेवढी जास्त आहे' असे स्वतःला पटवावे लागते, आणि एकदा ते पटले की मेहनत करण्याचे कारण उरत नाही. पुढे कार आणि इतर संशोधकांनी अनेक देशांत, वेगवेगळ्या व्यवसायांत हा प्रश्न तपासला. स्थानिक व्यावसायिकांना ही तफावत अन्याय्य वाटते, हे पुन्हा दिसले.

मला यात एक तिसरी व्यक्ती दिसते. दोन खोल्यांच्या मधल्या व्हरांड्यात असाइनमेंट हातात घेऊन उभा असलेला विद्यार्थी. पगाराचे आकडे त्याला माहीत नसतील, पण कुणाचे घर कुठे आहे, कुणाकडे गाडी आहे, कोण दुपारनंतर दुसऱ्या महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला धावतो, हे त्याला दिसते. स्थानिक शिक्षक ऑफिसात भेटत नाही, अशी तक्रार तो फॉर्मवर लिहितो. तक्रार खरी आहे. शिक्षक भेटत नाही कारण एका पगारात त्याचे भागत नाही. फॉर्मवर मात्र 'उपलब्धता' या रकान्यात दोन गुण पडतात आणि परदेशी सहकाऱ्याला पाच. मग हा आकडा दाखवून कुणी सांगतो की परदेशी शिक्षक अधिक बांधिलकीने काम करतात. ज्या तफावतीने हा फरक घडवला, तीच तफावत या आकड्याच्या आधारे योग्य ठरवली जाते. याहून अन्यायकारक हिशोब मला ठाऊक नाही.

परदेशी शिक्षकाचीही कोंडी आहे, ती वेगळी. त्याचा करार दोन-तीन वर्षांचा, व्हिसा नोकरीला बांधलेला, मुलांची शाळा व्हिसाला बांधलेली. अशा माणसाचे भवितव्य विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांवर ठेवले, की तो काय करेल? कठीण भाग वगळेल, मार्क सढळ हाताने देईल, वादग्रस्त विषयांना हात लावणार नाही. विद्यार्थ्यांनाही हे उमगते आणि ते त्याला खेळवू लागतात, हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही, पण घडते. ज्या मोकळ्या, निर्भीड शिक्षणासाठी त्याला बोलावले, ते देण्याची सोय करारानेच काढून घेतलेली असते.

फीडबॅकच्या आकड्यांवर एवढा विश्वास का, हे मला कधीच कळलेले नाही. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वर्गवाटप यादृच्छिक असते आणि परीक्षा सगळ्यांची एकच. म्हणून कॅरेल आणि वेस्ट यांच्या २०१० मधल्या अभ्यासाला वजन आहे. ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी चांगले गुण दिले, त्यांचे विद्यार्थी त्या विषयात चमकले, पण पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयांत मागे पडले. ज्यांनी आत्ता घाम गाळायला लावला, त्यांचे विद्यार्थी नंतर पुढे गेले आणि त्या शिक्षकांना गुण मात्र कमी मिळाले होते. टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात हा वाद लवादापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी निर्णय दिला, की बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्याकरता हे गुण वापरता येणार नाहीत. तिथला वाद परदेशी-स्थानिक असा नव्हता. पण मातृभाषा, वंश, उच्चार यांचा परिणाम जिथे आणखी मिसळतो, तिथे हा निर्णय दुप्पट लागू पडतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो: विद्यार्थी फी भरतात, वर्गात तेच बसतात, मग त्यांचे ऐकायचे नाही का? ऐकायचे. जरूर ऐकायचे. पण ज्याचे साक्षीदार ते आहेत तेच विचारायचे. शिक्षक वेळेवर येतो का, तपासलेल्या उत्तरपत्रिका किती दिवसांत परत मिळाल्या, शंका विचारण्याची भीती वाटली का, विचारल्यावर अपमान झाला का, कोणता भाग दोनदा शिकवायला हवा होता. 'विषयावरील प्रभुत्व' हा रकाना काढून टाका. तो विषय नुकताच शिकू लागलेल्या मुलाला ते कसे कळणार? आणि हे सगळे सत्राच्या मध्यावर विचारा, म्हणजे उरलेल्या दोन महिन्यांत शिक्षकाला काही बदलता येईल. अध्यापनाचा दर्जा ठरवायला सहकाऱ्यांनी वर्गात बसावे, प्रश्नपत्रिका आणि गृहपाठ वाचावेत, पुढच्या विषयात मुलांची कामगिरी कशी होते ते पाहावे. हे काम वेळखाऊ आहे. सरासरी काढणे सोपे असते, म्हणून तर ती काढली जाते.

दुसरा आक्षेप पगाराचा. जास्त पैसे दिल्याशिवाय बाहेरची माणसे येणार नाहीत, हे खरे आहे. घर बदलण्याचा खर्च, प्रवास, मुलांची शाळा यासाठी वेगळा भत्ता द्या आणि तो भत्ता म्हणूनच जाहीर करा. मूळ वेतन मात्र पद आणि काम पाहून ठरवा. आपला शिक्षक स्वस्त आहे असे विद्यार्थ्याला वाटण्याचे एकही कारण विद्यापीठाच्या हिशोबवहीत असता कामा नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: एक विषय दोघांनी मिळून शिकवणे. आलटून पालटून तास घेणे वेगळे. मी म्हणतो ते एकाच वर्गात दोघांनी उभे राहणे. परदेशी शिक्षकाने मांडणी करावी आणि स्थानिकाने मध्येच अडवावे, 'हे इथे असे घडत नाही, का ते पाहू.' पुढच्या आठवड्यात उलट. दोन तज्ज्ञ एकमेकांशी मतभेद ठेवून बोलताना विद्यार्थ्यांना दिसतात, तेव्हा कोण अधिकारी आणि कोण दुय्यम हा हिशोब आपोआप मागे पडतो. स्थानिक शिक्षकही जाहीरपणे 'मला हे माहीत नाही' म्हणू शकतो, कारण समोरचाही म्हणत असतो. यासाठी दोघांच्याही वर्कलोडमध्ये ते तास पूर्ण धरले पाहिजेत. अर्धे धरले की प्रयोग पहिल्याच सत्रात बंद पडतो.

आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी एक नियम तातडीने हवा. पीएच.डी.चे काम चार-पाच वर्षे चालते, परदेशी मार्गदर्शकाचा करार दोन-तीन वर्षांत संपतो. तो गेल्यावर विद्यार्थी ज्याच्याकडे सोपवला जातो, त्या स्थानिक प्राध्यापकाला विषयाची निवड, पद्धत, पहिली दोन प्रकरणे यांत कुणी विचारलेले नसते. तो सही करण्यापुरता उरतो, आणि विद्यार्थीही त्याच्याकडे तसाच पाहतो. ज्याच्या कराराची मुदत प्रबंधाच्या मुदतीपेक्षा कमी आहे, त्याच्याकडे नोंदणी होतानाच कायम सेवेतला सहमार्गदर्शक नेमावा, त्याचे नाव पहिल्या दिवसापासून कागदावर असावे आणि विषय-मंजुरीच्या बैठकीला तो हजर असल्याशिवाय नोंदणी पूर्ण धरू नये.